पोटरीचा जमाखर्च

महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून पेन्शनीत निघालेल्या माझ्यासारख्या माणसाच्या उजव्या पोटरीत, लक्ष्मी रस्त्याने चालताना ठरावीक अंतरावर गोळा यावा, एखाद्या दुकानाशी उभे राहताच तो विरावा आणि तेवढेच अंतर कापल्यावर पुन्हा हजर व्हावा, यात त्रासाइतकेच नवलही होते. मधुमेह जुना होताच. डॉक्टरांनी घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागले. हा भागाकार ०.९ च्या खाली आला की पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असे समजतात, माझा १.४ च्याही वर गेलेला पाहून मी खुशीत आलो. परंतु मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत चुना साठून त्या इतक्या कठीण होतात की पट्ट्याने दबतच नाहीत, सबब हा आकडा खोटी साक्ष देतो, असे सांगून त्यांनी पायाच्या अंगठ्याचा दाब घेतला. तो बराच उतरलेला निघाला.

स्नायूच्या पेशीत क्रिएटिन फॉस्फेटची थोडी शिल्लक असते. चालताना ती खर्ची पडते आणि विसाव्यात प्राणवायूच्या बळावर तिचा पुन्हा भरणा होतो. रक्त अपुरे पोचले की हा भरणा रेंगाळतो. शिवाय अशा पायात खुद्द पेशीतील तंतुकणिकाही बिघडलेल्या असतात, त्यामुळे धमनी फुग्याने मोकळी केली तरी स्नायू तत्काळ पूर्ववत होतोच असे नाही, ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटली.

तंबाखू सक्तीने सुटली. औषधांच्या जोडीला फर्मान निघाले ते चालण्याचेच : कळ बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालावे, थांबावे, ती शमताच पुन्हा निघावे, असे पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, निदान तीन महिने. दुखते तेच करायला सांगणारा हा कसला वैद्य, असे हिचे मत पडले. पण मंडईपर्यंत न थांबता जाऊ लागलो, आणि गंमत अशी की अंगठ्याचा दाब जवळपास होता तेथेच राहिला. स्नायू मिळेल तेवढ्या प्राणवायूत काम भागवायला शिकला, असा डॉक्टरांचा खुलासा. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो, हा वरकड लाभ.

तळव्यांची संवेदना मात्र मंदावलेली, म्हणून निघण्यापूर्वी ही माझ्या बुटांत हात घालून खडाबिडा नाही ना, हे तपासते. परवा सुपारीचे खांड निघाले. ते माझ्या नाकासमोर धरून ती म्हणाली, "हे काही रस्त्यावरचं नव्हे."