झोपडीखालची भुई कुणाची?

महाळुंगे माझं गाव. १९९४ ला बालेवाडीच्या शिवेला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. मग हिंजवडी फुगली, महाळुंगे-माणची नगररचना योजना आली. गुंठ्यागुंठ्याला भाव. ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्याशी सगळे गोड बोलतात. ज्याच्या नावावर नाही, तो मोजणीत माणूसच नाही.

याच मुळशी तालुक्यात, वर डोंगराकडं, कातकरी राहतो. खैराचा कात काढायचा म्हणून कातकरी. इंग्रजानं जंगल राखीव केलं, खैर सरकारचा झाला. राहिली कोळशाची न् विटांची भट्टी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर बायकापोरांसकट बिऱ्हाड भट्टीवर. हिशेब वहीत, वही मालकाकडं. हंगाम सरतो, पैसे अंगावर राहतातच.

वेठबिगार बंदीचा कायदा १९७६ चा. कलम ६ म्हणतं, असलं कर्ज बुडालं. झकास! पण सुटलेला माणूस जाणार कुठं? कित्येक वाड्या मालकाच्याच जमिनीवर. 'लई शाणा झालास, झोपडं उचल,' एवढं म्हटलं की माणूस पुन्हा भट्टीवर. कलम ८ म्हणतं, सुटलेल्याला घरातून काढता येणार नाही. नीट वाचा मात्र. कायदा लागू झाला २५ ऑक्टोबर १९७५ पासून. त्याच्या लगोलग आधी वेठीच्या मोबदल्यात जे घर होतं, त्यालाच हे संरक्षण. नंतरच्या झोपड्यांचं काय? २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीपुरता. खाजगी सातबाऱ्यावरची वाडी दोन्हीकडून उघडी.

आपले काही म्हणतात, हा आदिवासींचा प्रश्न, आपला नव्हे. मला हे बिलकूल पटत नाही. १९२८ ला बाबासाहेबांनी महार वतनाचं बिल कौन्सिलात आणलं ते कशापायी? वतनाचा तुकडा दाखवून रात्रंदिवस राबवून घेत होते म्हणूनच ना? महारवाडा गावकुसाबाहेर, तरी गावानं त्याला जागा धरलेली. कातकऱ्याची वाडी कित्येक ठिकाणी गावठाणातच नाही. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जमीन महसूल संहिता १९६६, कलम १२२ नं कलेक्टरला दिलाय. तो वापरायला लावणं आपल्याला जमतं, मोर्चे आपण काय थोडे काढलेत?

परवा एका वाडीत म्हातारीला विचारलं, आजी, घर कुणाचं?
"माजंच की. मीच सारवते."
न् खालची जमीन?
"ती शेटची हाय बाबा."
कधीपासून राहता, तर म्हणाली, सासूचं बाळंतपणबी हितंच झालं. तिथंच बसून तलाठ्याला उताऱ्यासाठी अर्ज लिहिला. तिनं अंगठा दिला.