मॅन्युअलचे पुढचे पान

इंजिन ऑईल हा काही निबंधाचा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. अंकासाठी लेख मागताना सरांनी 'पाऊस', 'माझे गाव', 'आई' असे विषय सुचवले होते. माझ्या लेखात पाऊस आहे, गाव आहे, आईसुद्धा एकदा येऊन जाते. पण या सगळ्यांच्या मधोमध जे आहे ते आमच्या व्हॅनमधले तीन लिटर तेल. त्या तेलाच्या बाबतीत माझ्या हातून जे झाले ते कुठेतरी लिहून टाकावे असे बरेच दिवस मनात होते.

माझे वडील शाळेच्या मुलांची ने-आण करतात. सकाळी शहापूर, खासबाग, वडगाव अशी मुले गोळा करायची आणि टिळकवाडीतले रेल्वे गेट ओलांडून पलीकडच्या शाळांत सोडायची. दुपारी तीच वरात उलटी. दिवसाला चौतीस किलोमीटर. बेळगावातल्या वाचकांना गेटविषयी जास्त सांगायला नको. गेट पडलेले असते, एक मालगाडी जाते, आता उघडेल म्हणून सगळे आपापली वाहने सुरू ठेवतात, आणि मग दुसऱ्या बाजूने आणखी एक गाडी येते.

बाबांची एक खिशातली डायरी आहे. तीत पेट्रोल, हवा, पंक्चर, कोणत्या मुलाची फी आली, कोणाची राहिली हे सगळे असते, आणि दर पाच हजार किलोमीटरला एक ओळ : 'तेल बदलले'. हा पाच हजारांचा नियम ते त्यांच्या उमेदीच्या काळात शिकले. तेव्हा ते एका व्यापाऱ्याची अॅम्बेसेडर चालवत. त्यानंतर इंजिने बदलली, तेले बदलली, बेळगावचे बेळगावी झाले, पण पाच हजारांचा आकडा काही बदलला नाही.

तो बदलला मी. बी. कॉम. च्या पहिल्या वर्षाला होतो. पी. यु. सी. ला अकाऊंट्समध्ये बरे मार्क पडलेले, त्यामुळे घरात जे दिसेल त्याचा खर्च काढून दाखवण्याची खोड मला लागली होती. (आईने एकदा भाकरीमागे गॅस किती हे विचारून मला स्वयंपाकघरातून घालवले होते.) तेल, फिल्टर आणि मजुरी मिळून एका खेपेला रु. १,६०० जात. म्हणजे पाच हजारांच्या हिशोबाने किलोमीटरमागे ३२ पैसे. दहा हजारांना बदलले तर १६ पैसे. व्हॅनच्या कप्प्यातून मी मॅन्युअल काढले. ते इंग्रजीत. आमच्या घरात इंग्रजी पुस्तक उघडून वाचणारा मी पहिलाच. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला त्या गोष्टीची जी ऐट असते ती मलाही होती. देखभालीच्या तक्त्यात स्वच्छ छापले होते : इंजिन ऑईल, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी येईल ते. मी बोट ठेवून बाबांना वाचून दाखवले.

बाबा म्हणाले, "मग एवढी वर्षं आम्ही पैसे वाया घालवालोय म्हण की."

मी म्हटले, "तुमच्या वेळचं तेल वेगळं होतं, आताचं वेगळं."

"छापलंय म्हणतोस तर बरोबरच असणार," असे म्हणून त्यांनी डायरी मिटली.

आता हेही सांगितले पाहिजे की मी बोललो ते खोटे नव्हते. तेले खरोखरच सुधारली आहेत. पूर्वीचे तेल थंडीत घट्ट आणि उन्हात पातळ होई. आजच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते, त्यातला डब्ल्यू हा हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचा. थंड इंजिनात तेल किती सहज वाहते ते पहिला आकडा सांगतो, आणि तापल्यावर किती दाट राहते ते दुसरा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट तेलाची प्रत अक्षरांनी ठरवते, आणि त्यातली 'एसपी' ही प्रत २०२० सालापासूनची आहे. अमेरिकेत एके काळी तीन हजार मैल, म्हणजे आपले जेमतेम पाच हजार किलोमीटर, हा जणू धर्मच होता. आज तिथेही कोणी तो सक्तीने पाळा म्हणत नाही. युरोपातल्या काही गाड्यांना तर खास तेल घालून तीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत मुभा असते. तेव्हा नव्या गाडीचे तेल तीन-तीन हजारांना ओतून देणारे लोक पैसे गटारात घालतात, हे माझे मत अजूनही कायम आहे.

डिसेंबरात पाच हजार झाले. बाबांनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि ती ओळ डायरीत लिहायची राहिली.

पुढच्या जुलैची गोष्ट. बेळगावचा जुलै म्हणजे छत्री वाळायला वेळ न देणारा पाऊस. मी वर्गात होतो. बाबांचा फोन आला. एरवी ते कॉलेजच्या वेळेत कधी फोन करत नाहीत. गेटवर व्हॅन उभी असताना तांबडा दिवा लुकलुकला होता. तो दिवा तुम्ही पाहिला असेल, तेलाच्या चोचीच्या बुधलीचे चित्र असते. आमच्या व्हॅनमधली मुले त्याला अल्लाद्दीनचा दिवा म्हणतात. तो इंधनाचा नव्हे, तेलाच्या दाबाचा. इंजिन तापलेले आणि गाडी उभी असली की दाब सगळ्यात कमी असतो, म्हणून दुखणे असले तर आधी तिथे, गेटवरच, कळते. बाबांनी त्याच क्षणी किल्ली फिरवली आणि पुन्हा चालू केली नाही. नऊ मुले होती. सहा जणांना रिक्षांत बसवून दिले, आणि उरलेल्या तिघांना स्वतः छत्रीखाली धरून चालत शाळेत पोहोचवले. मी गेलो तेव्हा ते परत व्हॅनपाशी येऊन उभे होते, गुडघ्यापर्यंत भिजलेले. मीटरवर मागच्या तेलापासून नऊ हजार शंभर किलोमीटर झाले होते. माझ्या दहा हजारांच्या आतच.

व्हॅन ओढत उद्यमबागेकडच्या आमच्या मेस्त्रींकडे नेली. मेस्त्री कन्नड बोलणारे, मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी खालचे चेंबर उतरवले. तीन लिटरच्या जागी दोनसुद्धा तेल नव्हते, आणि जे होते ते काकवीसारखे. तळाशी चिकट काळा साका बसला होता. पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती जाळी त्या साक्याने अर्धीअधिक बुजलेली. अण्णांनी साका बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला आणि मला दाखवला. बेअरिंगवर चरे पडले होते. दिवा दिसताच बाबांनी इंजिन बंद केले म्हणून क्रँक वाचला, आणखी दोन किलोमीटर रेटले असते तर इंजिनच नवे घ्यावे लागले असते, असे त्यांचे म्हणणे.

"पण पुस्तकात दहा हजार आहे," मी म्हणालो.

अण्णांनी हात पुसत एकच वाक्य सांगितले : "गाडी ओडिदष्ट अल्लप्पा, इंजिन ओडिदष्ट." कन्नड विभाग वाचणाऱ्या मित्रांना अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी : गाडी किती पळाली ते नव्हे रे बाबा, इंजिन किती पळाले ते.

त्या रात्री मी मॅन्युअल पुन्हा उघडले. ज्या पानावर मी बोट ठेवले होते त्याच्या पुढच्या पानावर दुसरा तक्ता होता. गाडी वारंवार थोड्या थोड्या अंतरासाठी वापरत असाल, फार वेळ जागच्या जागी इंजिन चालू ठेवत असाल, धुळीच्या रस्त्यावर चालवत असाल, तर तेल पाच हजारांना बदला. पाच हजार! बाबांचा आकडा तिथे इंग्रजीत छापलेला होता. मी पान उलटले नव्हते, एवढेच.

मग मी तो हिशोब केला जो आधी करायला हवा होता. हमरस्त्याने ताशी साठच्या वेगाने जाणारी मोटार दहा हजार किलोमीटर तोडायला साधारण १६७ तास घेते. आमची व्हॅन चौतीस किलोमीटरसाठी रोज पावणेतीन तास चालू असते, थांबत, उचकत, गेटवर घुरघुरत. त्या चालीने दहा हजार किलोमीटरला आठशेवर तास होतात. जवळजवळ पाचपट! मीटर रस्ता मोजत होते. गेटवर उभे असताना त्याच्या दृष्टीने काहीच घडत नव्हते. तेल मात्र इंजिनात फिरतच होते. माझ्या मामाच्या ट्रॅक्टरला तासांचे मीटर आहे आणि त्याचे तेल २५० तासांना बदलतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. शेतात ट्रॅक्टर किती किलोमीटर गेला हे विचारणाऱ्याला मामाने वेड्यात काढले असते.

तासांपलीकडेही एक गोष्ट आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन धुराड्यातून जाते, पण थोडी वाफ आणि थोडे न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलात उतरते. लांब पल्ल्यावर तेल चांगले तापते आणि हे सगळे उडून जाते. दीड-दोन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीत, त्यात पावसाळी गारठ्यात, ते उडायला वेळच मिळत नाही. पाणी, काजळी आणि आम्ल यांचे मिळून तो साका होतो. तेलाला काळे पाहून आपण घाबरतो, पण नुसते काळे होणे वाईट नव्हे. मळ उचलून अंगावर बाळगण्यासाठी त्यात मुद्दाम द्रव्ये घातलेली असतात, आणि तेल काळे झाले म्हणजे ती काम करत आहेत. ती द्रव्ये संपली की मळ खाली बसू लागतो. मूळ तेल त्या मानाने कमी झिजते, त्यातली ही नोकरमंडळी आधी थकतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८० च्या दशकातच मोटारीत अशी सोय आणली की इंजिनाचे फेरे आणि तापमान मोजून तेल कधी बदलायचे ते गाडीनेच सांगावे. आमच्या व्हॅनमध्ये ती नाही. आमच्या व्हॅनमध्ये बाबा होते, आणि त्यांना मी गप्प बसवले होते.

दुरुस्तीला रु. २१,६०० लागले, म्हणजे साडेतेरा वेळचे तेल. वर्षा-सव्वा वर्षाला एक खेप वाचवून ते भरून निघायला पंधरा वर्षे लागली असती. नऊ दिवस दुसऱ्याची व्हॅन भाड्याने घेतली ती वेगळी. पैसे माझ्या सी. ए. फाऊंडेशनसाठी बाजूला ठेवलेले होते, त्यांतून गेले. माझी एक खेप हुकली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. एवढा न्याय्य खर्चवाटप मला पुस्तकातही सापडला नसता.

अण्णा मोठ्या मनाचे. ते बाबांना म्हणाले की हा सगळा साका एका वर्षाचा नाही, गाडी सात वर्षांची आहे, थोडे थोडे आधीपासून साचले असणार. शिवाय तेल कमी झाले होते ते पट्टी काढून कोणी बघितले नाही. खरे आहे. दर सहा-सात महिन्यांनी नवे तेल पडत असल्यामुळे पट्टी बघायची सवय बाबांना कधी लागलीच नव्हती. पण ती गरज माझ्या सोळा पैशांनी निर्माण केली, हे मला आणि बाबांना दोघांनाही ठाऊक होते. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून गल्लीतले लोक मला तेलाविषयी विचारू लागले आहेत, आणि मी आता आधी उलट प्रश्न विचारतो. एक शेजारी नोकरीसाठी रोज हुबळीला जातात, शंभरेक किलोमीटर एका दमात. त्यांना सांगितले, दहा हजार खुशाल होऊ द्या, फक्त महिन्याला पट्टी बघा. दुसरे एक निवृत्त गुरुजी. त्यांची मोटार वर्षाला दीड हजारसुद्धा होत नाही, रविवारी देवळाला आणि सणाला नातेवाइकांकडे. त्यांना वाटत होते दहा हजार व्हायला अजून सहा वर्षे आहेत! त्यांना वर्षाची अट दाखवली. त्यांनी दोन वेळा चष्मा पुसून ती वाचली आणि दुसऱ्याच दिवशी अण्णांकडे गेले.

डायरीत आता एक रकाना वाढला आहे : 'तास'. बाबा तो अंदाजाने भरतात. गेट पडले की इंजिन बंद करतात, आणि मागची मुले पहिले काही दिवस "काका, गाडी बिघडली काय?" म्हणून ओरडत.

गेल्या दसऱ्याला बहिणीसाठी जुनी स्कूटर घेतली. सीटखाली तिचे मॅन्युअल होते, पाने एकमेकांना चिकटलेली. रात्री जेवण झाल्यावर बाबांनी ते आणून माझ्यापुढे ठेवले आणि खुर्ची ओढून समोर बसले. मी सवयीने अनुक्रमणिकेत देखभालीचे पान शोधू लागलो.

"तिथनं नको," बाबा म्हणाले, "पहिल्यापासनं वाच. बसलोय मी."