घरी न सांगितलेला सौदा

मी भोरला कारकून. बी.कॉम. झालेलो, म्हणून आकडे आपल्याला कळतात असा माझा गर्व. 2022 साली मोबाईलवर निफ्टीचा वायदा घेतला. मुलीच्या कॉलेजच्या फीचे पैसे मार्जिन म्हणून अडकवले. तेव्हा एका लॉटमध्ये 50 नग असत. निर्देशांक एक अंक घसरला की 50 रुपये गेले. दोन दिवसांत 400 अंक घसरले, म्हणजे वीस हजार गेले! ते भरून काढायला पुन्हा सौदा केला, आणखी गेले.

वेल्ह्याचा मेहुणा म्हणाला, "दाजी, भात बुडाला तरी पेंढा हाती लागतो. इथं काय लागतं?" मला उत्तर सुचले नाही.

एप्रिल 2020 मध्ये तर एमसीएक्सवर कच्च्या तेलाचा वायदा पिंपाला उणे 2,884 रुपयांना मिटला. लॉट 100 पिंपांचा. खरेदीची रक्कम तर बुडालीच, वर 2,88,400 रुपये द्यावे लागले! सेबीच्या 2024 च्या अहवालात शेअर बाजारातल्या वायदे-ऑप्शनमध्ये तीन वर्षांत 100 पैकी 93 व्यक्ती तोट्यात निघाल्या.

अखेर पत्नीला सांगितले. ती रडली नाही. वही पुढे ठेवून म्हणाली, "किती गेले ते लिहा." फी उसनवारीने भरली. बैठकीत मटक्याविरुद्ध बोलणारा मी, जुगार खिशात घेऊन फिरत होतो.

बंधू-भगिनींनो, जो सौदा घरी सांगण्याची हिंमत होत नाही, तो करू नका.