वाटेत बदलतं ते

त्या दुपारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मॅक्सम्युलर भवनाच्या ग्रंथालयात दोन कामं घेऊन बसले होते. एक जर्मन कादंबरी, इंग्रजीवरून मराठीत आणत असलेली. दुसरं पोटापाण्याचं : संगणकीय चित्रणाच्या अभ्यासक्रमातलं शेडरचं प्रकरण.

ते प्रकरण काही केल्या कळेना. बाहेर येऊन गुडगावला गेम बनवणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"मावशी, एक त्रिकोण घे. व्हर्टेक्स शेडर फक्त त्याच्या तीन टोकांवर चालतो. आतल्या ठिपक्यांचा रंग ठरवतो फ्रॅगमेंट शेडर. पहिल्यानं 'आउट' म्हणून दिलं तेच दुसऱ्याला 'इन' म्हणून मिळतं. त्याच्याकडचं बाकी सगळं तिथंच संपतं."

"टोकं तीन, ठिपके हजारो. मग?"

"मधल्या किमती वाटेत तयार होतात. एक टोक लाल, दुसरं निळं, तर अधेमधे जांभळं. 2008 साली ओपनजीएल 3.0 बरोबर 'इन'-'आउट' आलं, त्याआधी याला 'व्हेअरिंग' म्हणायचे. पण पूर्णांक असला तर 'फ्लॅट' लिहावंच लागतं. पोत क्रमांक 3 आणि 4 यांच्या मधे साडेतीन नंबरचा पोत नसतो ना! मग एकाच टोकाची किंमत अख्ख्या त्रिकोणाला."

आत आले, पण प्रकरणाला हात लावला नाही.

कादंबरीतला कारकून आणि त्याची घरमालकीण इंग्रजीत एकमेकांना सतत 'यू' म्हणतात. मराठीत तू की तुम्ही? मी 180 पानं दोन्ही टाळली होती. "चहा घेणार?" "निघायचं का?" या चलाखीचा मला अभिमानच होता. (एम.ए.ला तौलनिक साहित्यात मध्यस्थ भाषेवर निबंध लिहिला होता, तरी!) खरं तर तो साडेतीन नंबरचा पोत होता.

मूळ जर्मन प्रत कपाटात होती. माझं जर्मन जेमतेम, पण 'झी' आणि 'डू' डोळ्यांना दिसतातच. चौदाव्या प्रकरणापर्यंत दोघंही 'झी'. मग स्टेशनवर ती एकदाच 'डू' म्हणते. पुढच्याच वाक्यात तो पुन्हा 'झी'. त्यानंतर ती त्याला खोली सोडायला का सांगते, हे कोडं मला इंग्रजीत सुटलंच नव्हतं. इंग्रजी अनुवादकाला काय बोलणार, पुढे द्यायला त्याच्या भाषेत चलच नव्हता. कपाट मात्र माझ्यापासून दहा पावलांवर होतं, आठ महिने.

प्रकाशकांना लिहिलं : तीन महिने जास्त लागतील, मानधन तेच राहू दे. मग पहिलं पान उघडून "चहा घेणार?" खोडलं आणि लिहिलं, "तुम्ही चहा घेणार का?"