आईची नाडी

डॉक्टर मनगटाची नाडी बघतात, माझी आई परकराची. "आज गाठ मारून टोक बोटभर कमी उरलंय गं," असं ती सकाळी चहा घेताना म्हणाली, की मी लॅपटॉप बंद करते आणि हॉस्पिटलला फोन लावते. सोनोग्राफी नंतर होते. तिचा अंदाज अजून चुकलेला नाही.

आईला ओव्हरीचा कॅन्सर आहे. कळला तोच थर्ड स्टेजला. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, संध्याकाळी फुगायचं. एका डॉक्टरांनी चार महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि मी पुण्यातून फोनवर 'वॉकला जात जा' असं ज्ञान पाजळत होते. (हेल्थ पेजसाठी फ्रीलान्स लिहिणारी मुलगी!) मग सीए-125 ही ब्लड टेस्ट झाली. नॉर्मल म्हणजे 35 च्या आत. आईचा आकडा चार अंकी. ऑपरेशन, केमोचे सहा डोस, सेकंड ओपिनियनसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसनं परळच्या टाटाला फेऱ्या. पुण्याची रूम सोडून मी राजारामपुरीतल्या घरी परत आले. एक वर्ष चांगलं गेलं. आणि मग नाडीचं टोक कमी व्हायला लागलं.

पोटातलं हे पाणी म्हणजे जलोदर. कॅन्सरच्या पेशी पोटाच्या आतल्या पातळ अस्तरावर पसरतात. तिथून पाणी पाझरतं आणि ते शोषून घेणाऱ्या वाटा बुजतात. त्यामुळे 'पाणी कमी पाजा' हा आमच्या समस्त नातेवाईकांचा सल्ला चुकीचा आहे. मीही तो आठ दिवस पाळला. भर मे महिन्यात आईला तांब्या मोजून दिला. आजही आठवलं की लाज वाटते.

पहिल्यांदा टॅपिंग झालं तेव्हा मी शेजारी उभी होते. पोटाचा एक भाग बधिर करून सुई, मग नळी, मग पिवळसर पाण्यानं हळूहळू भरणारी पिशवी. नर्स मधूनमधून बीपी बघत होती. साडेपाच लिटर! गोकुळच्या अर्ध्या लिटरच्या अकरा पिशव्या, असा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप झाला. त्या रात्री आई कित्येक दिवसांनी आडवी झोपली. सकाळी उठून तिनं कांदेपोहे मागितले. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात तिनं विचारलं, "हे पाणी परत येणार काय?"

डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, केमोनं आजार आटोक्यात आला नाही तर येणार. मी म्हणाले, "नाही गं, आता झालं." लोकांना प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या मला एका प्रश्नाचं खरं उत्तर देता आलं नाही. घरात ठरलंच होतं ना, तिला सांगायचं नाही! मावशी रोज मनीषा कोईरालाचं उदाहरण द्यायची. तिला 2012 मध्ये हाच कॅन्सर झाला, ती बरी झाली, 'हीरामंडी'त दिसली. सगळं खरं. आई ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची.

तिसऱ्या आठवड्यात टोक कमी झालं. त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुखण्यापेक्षा तिला माझं खोटं लागलं होतं. शेवटी रात्री तिच्या पायांची सूज चेपता चेपता मी सगळं सांगितलं. पाणी येत राहील, आता काढायचं ते तुला बरं वाटावं म्हणून, आजार जाण्यासाठी नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आधी सांगायचं की. मला दिवस मांडायला बरं."

आणि तिनं खरोखर दिवस मांडले. पाण्याबरोबर प्रोटीन जातं म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, हे तिनं स्वतः डॉक्टरांना विचारून घेतलं. पुढची केमो घ्यायची की नाही, हेही ती बोलली. अजून ठरलेलं नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, पेशंट आणि घरच्यांसाठी, मोफत, 1997 पासून. मी इतकी वर्षं पुण्यात राहून त्याबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. तिथं एकदा जाऊन यायचं, हे तिच्या यादीत आहे.

यादीत सगळ्यात वर होती ललिता पंचमी. रुसलेल्या टेंबलाईची समजूत काढायला त्या दिवशी अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते, कोहळा फुटतो, तुकड्यासाठी झुंबड उडते. आईनं डॉक्टरांना सांगितलं, "पंचमीच्या दोन दिवस आधी काढा." त्यांनी फाइलवर तसं लिहिलं. आम्ही रिक्षानं गेलो, गर्दीपासून लांब थांबलो. शेजारच्या पोरानं कोहळ्याचा तुकडा आणून दिला. तिनं तो पदराच्या गाठीला बांधला.

हे मी लिहितेय, तेव्हा ती मागं उभी राहून वाचतेय. "साडेपाच कुठलं," ती म्हणतेय, "सहा होतं. नर्सनं सांगितलं होतं मला. नीट लिही."