अंगठे धरा!

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें बाळपण मराठी शाळेंत गेलें असेल, त्यांस ‘अंगठे धर’ या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याचें कारण नाहीं. गुडघे न वांकवितां कंबरेंतून खालीं वांकावयाचें, दोन्ही हातांनीं पायांचे अंगठे धरावयाचे, आणि मास्तरांस आपली आठवण होईपर्यंत तसेंच राहावयाचें, अशी ही शिक्षा. तिला खर्च नाहीं, छडी मोडण्याची भीति नाहीं, आणि अपराध्याच्या अंगावर वळहि उमटत नाहीं. तेव्हां ती शिक्षकवर्गास प्रिय झाली यांत नवल नाहीं. जुन्या जालन्यांतील एका शाळेंत आम्हीं चौतीस वर्षें मराठी आणि भूगोल हे विषय शिकविले. तेवढ्या अवधींत आमच्या आज्ञेवरून किती अंगठे धरले गेले असतील याचा हिशेब चित्रगुप्तासच ठाऊक. आम्हांस ठाऊक आहे तें इतकेंच कीं, त्या चौतीस वर्षांत आमचे स्वतःचे अंगठे आम्हीं एकदांहि धरून पाहिले नाहींत.

ते पाहण्याचा प्रसंग पाण्यानें आणला. जुना जालना म्हणजे कुंडलिकेच्या अलीकडचा, आमचा, भाग. पलीकडे नवा जालना, व्यापारउदिमाचा. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण दोन्ही तीरांवर सारख्याच अभिमानानें सांगितली जाते. पण २०१२-१३ च्या दुष्काळांत हा सोन्याचा पाळणा कोरडाच हालत होता. टँकरची चाहूल लागतांच गल्लींतील लहानथोर भांडीं घेऊन धांवत. निवृत्त शिक्षकास लोक मानानें पुढें जाऊं देतील ही आशा पहिल्याच दिवशीं फोल ठरल्यावर आम्हींहि हंडा उचलला. एकसष्टाव्या वर्षीं भरलेला हंडा खांद्यावर घेतांना कंबरेंत ‘कट्’ असा जो आवाज झाला, तो शेजाऱ्यांनींहि ऐकला असें आमचें अजून मत आहे.

ती कंबर पुढें दोन वर्षें आमच्या घरची सत्ताधीश होऊन राहिली. मोजे घालावयाचे तर पत्नीस हांक मारावी लागे. आषाढी एकादशीस आनंदी स्वामींच्या मठांत कीर्तनास जावें, तर खांब रिकामा आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें लागे. हीं दुःखें लहान खरीं, आणि लहान म्हणून आम्हीं तीं सोसलींहि असतीं. पण त्याच वर्षीं भाद्रपदांत वडिलांचें श्राद्ध आलें. आम्हांस पाटावर बसतां येईना. भटजी उदार होते. त्यांनीं खुर्ची मान्य केली. ताम्हन स्टुलावर ठेवून, खुर्चीवर बसून, आम्हीं वडिलांस तिलोदक दिलें. शास्त्राची हरकत नव्हती. हरकत आमची होती. नव्वदी जवळ आली तरी मांडी घालून पंगतीस बसणारे ते गृहस्थ! आयुष्यभर आम्हीं खुर्चीवर बसून दुसऱ्यांस उभें केलें होतें. वर्षांतून एक दिवस, वडिलांपुढें, आम्हांस जमिनीवर बसावयाचें होतें, आणि तेंच नेमकें साधेना.

वैद्यकीय सल्ला झाला. शस्त्रक्रियेची गरज नाहीं, वेदना फार झाल्यास गोळी घ्या, आणि मुख्य म्हणजे अंग हालतें ठेवा, असें डॉक्टरांनीं सांगितलें. त्यांतील गोळी तेवढी आम्हांस पटली. “अहो, गल्लीच्या टोकाला त्या वाड्याच्या ओसरीवर योगाचा वर्ग चालतो म्हणे, एकदां जाऊन तर या,” असें घरांतून सुचविण्यांत आलें, तें आम्हीं दोन वर्षें हंसण्यावारी नेलें. योग आमच्या समजुतीप्रमाणें दोन प्रकारचा होता. एक ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांतला. तो आम्हीं आदरानें वाचून आदरानेंच मिटून ठेवीत असूं. दुसरा मैदानावरचा. डिसेंबर २०१४ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला, आणि पुढच्या जूनमध्यें गांवोगांव सतरंज्या पसरल्या व छायाचित्रें निघालीं. पहिला योग आमच्या आवांक्याबाहेरचा आणि दुसरा आमच्या प्रतिष्ठेबाहेरचा, असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालों होतों. खरें कारण निराळें होतें. चौतीस वर्षें फळ्याकडे पाठ करून उभा राहिलेला मनुष्य फळ्याकडे तोंड करून बसावयास सहसा तयार नसतो.

मन वळलें तें पुस्तकांमुळें. शिक्षकाचें दुसऱ्या कशानें वळणार? स्वामी कुवलयानंद म्हणजे कोणी गुहेंतले संन्यासी असावे अशी आमची समजूत. वाचूं लागलों तों कळलें कीं, पूर्वाश्रमींचे हे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६) अंमळनेरच्या शिक्षणसंस्थेंत शिकवीत होते; म्हणजे आमच्याच धंद्यांतले! बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यांत त्यांनीं शरीर कमाविलें, नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदासांजवळ योग शिकला, आणि १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक काढलें. गुरूनें सांगितलें एवढ्यावर ते थांबले नाहींत. क्ष-किरणांचें यंत्र आणावें, दाब मोजण्याचीं साधनें लावावीं, आणि क्रिया चालू असतां शरीरांत काय घडतें तें पाहून लिहून ठेवावें, असा त्यांचा क्रम. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांतील हवेचा दाब उतरतो असें त्यांस आढळलें, तेव्हां त्या निर्वातास त्यांनीं आपल्या गुरूचें, माधवदासांचें, नांव दिलें. शिष्यानें गुरूस दिलेली अशी दक्षिणा आम्हीं दुसरी ऐकली नाहीं.

मग वयाची सबब उरली. तीहि टिकेना. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (जन्म १८६८) यांनीं आधीं सँडो या युरोपियन मल्लाच्या पद्धतीनें व्यायाम केला, आणि चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढें आपल्या संस्थानांतील शाळांतूनहि त्यांनीं ते सुरू केले. चाळिशी म्हणजे कांहीं साठी नव्हे, असें आम्ही मनाशीं म्हणत आहों तोंच बेल्जमची राजमाता एलिझाबेथ पुढें आली. पुण्यास १९३७ सालापासून योग शिकविणारे बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून तिनें १९५८ सालीं, ऐंशी उलटल्यावर, शीर्षासन शिकून घेतलें. एका राजमातेनें डोक्यावर उभें राहावें आणि जालन्याच्या मास्तरानें मोज्यासाठीं हांक मारावी, ही तुलना आम्हांस सोसली नाहीं. २०१५ च्या श्रावणांत एके सकाळीं आम्ही त्या ओसरीवर जाऊन उभे राहिलों.

वर्ग चालविणारा गृहस्थ पन्नाशीच्या अलीकडचा होता. आम्हांस पाहतांच तो पुढें आला आणि “गुरुजी, तुम्ही!” असें म्हणून आमच्या पायां पडला. तो ज्या सहजतेनें वांकला आणि ज्या सहजतेनें उठला ती पाहून आमच्या मनांत आशीर्वादाआधीं मत्सर आला, हें येथें कबूल केलेलें बरें. तो आमचा जुना विद्यार्थी. लोणावळ्यास शिकून आला होता, आणि दिवसा दुकान सांभाळून सकाळीं हा वर्ग घेत असे. त्यानें आम्हांस उभें केलें आणि सांगितलें, “गुरुजी, श्वास सोडत सावकाश पुढें वांका. जेथें ताण कळेल तेथें थांबा.” आम्ही वांकलों. आमचीं बोटें गुडघ्यांच्या किंचित् खालीं येऊन थांबलीं. खालीं दूर, परमुलखांत असावे तसे, आमचे अंगठे दिसत होते.

दुसऱ्या दिवशीं आम्ही घरून फूटपट्टी घेऊन गेलों. ही तीच पट्टी. तिचे इतर उपयोग वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. बोटांपासून अंगठ्यांपर्यंतचें अंतर शेजारच्या माणसाकडून मोजवून घेऊन आम्ही वहींत टिपूं लागलों. पहिल्या दिवशीं अकरा इंच, महिन्यानें नऊ, तीन महिन्यांनीं साडेसहा. मग आंकडा हालेना. हालेना म्हणून आम्हीं जोर केला, आणि जोर केला त्याच दिवशीं कंबरेनें आठ दिवस अंथरूण दाखविलें. परत गेलों तेव्हां विद्यार्थ्यानें हात पुढें केला आणि म्हटलें, “गुरुजी, पट्टी माझ्याजवळ राहूं द्या.” आम्हीं ती दिली. विद्यार्थ्याच्या हातीं पट्टी देण्याचा आमच्या आयुष्यांतील तो पहिला प्रसंग.

पट्टीच्या जागीं त्यानें एक खुर्ची आणून ठेवली. खुर्ची पाहतांच श्राद्धाचा दिवस आठवून आमचा चेहरा उतरला असावा. पण ती बसण्यासाठीं नव्हती. तिच्या बैठकीवर हात टेकून पाठ लांब करावयाची, आणि तेवढ्यावरच समाधान मानावयाचें. ज्यांचें शरीर साथ देत नाहीं त्यांच्यासाठीं दोर, पट्टे, लांकडी ठोकळे आणि खुर्च्या यांचा उपयोग अय्यंगारांनीं रूढ केला, हें आम्हांस नंतर समजलें. कांहीं आठवड्यांनीं खुर्ची गेली आणि ठोकळा आला. मग ठोकळाहि आडवा झाला. अंगठे हातीं लागत नाहींत याचें कारण पुष्कळदां मांडीच्या मागच्या बाजूचे आंखडलेले स्नायू असतात. ते ओढल्यास अधिकच आंवळतात, आणि श्वास सोडीत वाट पाहिली तर हळूहळू सैल पडतात. शरीर हा असा विद्यार्थी आहे कीं, त्यास दरडावून कांहींहि शिकवितां येत नाहीं. पतंजलीनें आसनाची व्याख्या करतांना दोनच गोष्टी मागितल्या आहेत, स्थिरता आणि सुख. आणि हठप्रदीपिकाकारानें तर तरुणाबरोबर वृद्ध, अतिवृद्ध, रोगी आणि दुर्बळ यांनाहि अभ्यासानें सिद्धि मिळेल असें आश्वासन दिलें आहे. या ग्रंथांचीं नांवें आम्हीं वर्गांत अनेकदां घेतलीं होतीं. त्यांतील ‘सुख’ या शब्दाकडे आमचें लक्ष गेलें नव्हतें, इतकेंच.

लाभ झाला तो सांगतांना अतिशयोक्ति करूं नये. आमची रक्तांतील साखर औषधावरच आहे, चष्म्याचा नंबर कमी झालेला नाहीं, आणि गेलेलें तारुण्य मोतीबागेच्या वाटेवर कोठेंहि भेटलें नाहीं. मात्र कंबर आतां हुकूम सोडीत नाहीं. क्वचित् तक्रार करते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संस्थेनें २०१७ सालीं जुनाट कंबरदुखीसाठीं औषधांच्या आधीं व्यायाम, योग यांसारखे उपाय करून पाहावे असें सुचविलें, तें वाचून आम्हांस आनंद झाला. पण त्या आधींच्या भाद्रपदांत आम्हांस आमचा पुरावा मिळाला होता. आम्ही पाटावर बसलों. तासाभरानें जमिनीस हात न लावतां उठतां मात्र आलें नाहीं. एक हात टेकावा लागला. वडिलांनीं तेवढें चालवून घेतलें असतें असें आम्हांस वाटतें.

अंगठे हातीं आले त्या दिवसाची तारीख आमच्याजवळ नाहीं, कारण वही बंद झाली होती. एके सकाळीं ते हातांत होते, एवढेंच. मान खालीं, रक्त डोक्यांत उतरलेलें, आणि समोर उलटी दिसणारी ओसरी. त्या स्थितींत चौतीस वर्षांतले पुष्कळ चेहरे आम्हांस एकदम दिसले; तेहि आम्हांस असेच उलटे पाहत असतील. वर्ग संपल्यावर आम्हीं विद्यार्थ्यास विचारलें, “अरे, तुला आम्हीं कधीं अंगठे धरावयास लावले होते काय?”

तो सतरंजी गुंडाळीत होता. “एकदां, गुरुजी. पुरा तास. भूगोलाचा.”

“काय केलें होतेंस?”

“उशीर झाला होता. घरचें पाणी भरून शाळेंत यायचो. त्या दिवशीं आडावर रांग होती.”

हें कारण आम्हांस प्रथमच कळत होतें. तेव्हां आम्हीं तें विचारलेंच नव्हतें. ज्या पाण्याच्या एका हंड्यानें आमची कंबर दोन वर्षें धरली, तसे हंडे तो बारा वर्षांचा मुलगा रोज वाहून आणीत होता, आणि वरून आम्हीं त्यास तासभर वांकविला होता. “फार दुखलें होतें काय रे?” आम्हीं विचारलें. “दुखलें होतें, गुरुजी,” तो म्हणाला. आम्हांस बरें वाटावें म्हणून त्यानें त्यापुढें कांहीं जोडलें नाहीं, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों. आम्हांस जें बोलावयाचें होतें तें आम्ही बोललों. तें येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्ग नेहमींप्रमाणें भरला. “श्वास सोडा, सावकाश वांका. पोंचलांत तर अंगठे धरा, नाहीं तर गुडघ्यापाशीं थांबा,” त्याचा नेहमींचा आवाज आला, आणि आम्ही वांकलों. ओळीच्या शेवटीं एक वृद्ध बाई त्या दिवशीं नवीन आल्या होत्या. त्यांचे हात मांडीवरच थबकले होते. तो त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला, आणि त्यानें सर्वांत आधीं विचारलें, “मावशी, कोठें दुखतें?”