कडेवरचं नाव

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. शाहीर अमर शेख चौकाजवळ जमिनीवर पोती अंथरलेली असतात. त्यांवर गंजलेले पाने, बंद पडलेली घड्याळं, कुणाच्या तरी लग्नातली पितळी घंगाळं. मी तिथं वीस वर्षं जातोय. आधी नाण्यांसाठी जायचो, आता पदकांसाठी. लढाईची पदकं मला नकोत. समुद्रात बुडणाऱ्या माणसाला वाचवलं म्हणून दिलेली पदकं मी जमवतो. तशी पाच-सहाच आहेत माझ्याकडे, तीही बरीचशी बाहेरून मागवलेली. "पुण्यात कुठला आलाय समुद्र?" असं अम्मी दरवेळी म्हणते. ती हर्णैची, तिचे वडील आयुष्यभर बोटीवर खलाशी. तिला काय उत्तर देणार?

पदक हातात आलं की नवखा माणूस राणीचा मुखवटा बघतो. मुरलेला संग्राहक पदक आडवं धरतो आणि कड बघतो. कारण नाव कडेवर असतं. कुणी वाचवलं, कधी वाचवलं, हे सगळं त्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीवर कोरलेलं असतं. कड कोरी असेल तर ते नुसतं धातूचं चकतं.

इंग्रजांनी या कामासाठी बरीच पदकं काढली. लंडनची रॉयल ह्यूमेन सोसायटी १७७४ ची. समुद्रातल्या बचावासाठी सरकारी अल्बर्ट पदक १८६६ साली निघालं, जमिनीवरच्या बचावाला ते पुढे अकरा वर्षांनी मिळू लागलं. मला सगळ्यांत आवडतं ते ह्यूमेन सोसायटीचं. त्यावर एक लहान मुलगा विझलेल्या मशालीवर फुंकर घालतोय. एखादी ठिणगी आत उरली असेल, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर भोवती आहे. त्याची मागची बाजू दोन प्रकारची असे. माणूस वाचला तर एक मजकूर. उडी मारणाऱ्याने जिवाची बाजी लावली, पण बुडणारा हाती लागला नाही, तर दुसरा. जो वाचवू शकला नाही त्यालाही पदक! हे कळलं त्या दिवसापासून मी या नादाला लागलो.

पण कडेवरची नावं सगळी साहेबांची. आमचे आजोबा ज्या बोटींवर होते त्यांत कोळसा ओढणारे, दोर खेचणारे, होडी पाण्यात सोडणारे हात कोकणातले आणि बंगालचे. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक आहे. म्हणजे मेलेल्यांची नोंद आहे. मला वाचवणारा हवा होता.

तो मला एका प्रदर्शनात भेटला. मशालीवाल्या मुलाचं कांस्यपदक, कडेवर एक 'शेख' आणि पुढे हुद्दा, 'सारंग'. माझे हात थरथरले, हे विक्रेत्यानं पाहिलं असणारच. घराच्या गिलाव्यासाठी ठेवलेल्या पैशांतले पंधरा हजार मी तिथंच मोजले. बायकोला आठवडाभर सांगितलं नाही. अम्मीला मात्र त्याच रात्री दाखवलं. तिनं चष्मा पुसून नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

सदाशिव पेठेतले एक ज्येष्ठ संग्राहक आहेत, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी पदक घेतलं, भिंग लावलं, मग कपाटातून व्हर्निअर कॅलिपर काढला. १८६९ नंतरचं हे पदक अडतीस मिलिमीटरचं असतं. माझं साडेसदतीसही भरेना.

"कड घासलीय रे," काका म्हणाले. "जुनं नाव काढलं आणि हे टाकलंय. अक्षरंसुद्धा यंत्राची आहेत."

"पण असं नाव कोण कशाला टाकेल?"

"तुझ्यासारखं गिऱ्हाईक असतं ना."

पैसे गेल्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू. विक्रेत्यानं कुरकुर करत अर्धे परत द्यायची तयारी दाखवली, पण पदक परत करायच्या अटीवर. मी ते दिलं नाही. त्या खोट्या शेखच्या खाली एक खरं नाव होतं. कुणी तरी खरोखर पाण्यात उडी मारली होती, आणि मला आवडावं म्हणून त्याला घासून टाकलं होतं. परत दिलं असतं तर उद्या कुणी त्यावर तिसरं नाव कोरलं असतं.

अम्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "रामदासच्या वेळचं कुणाचं आहे का बघ." आजोबा तेव्हा मुंबईतच, नोकरीच्या शोधात. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कप्तान होते शेख सुलेमान इब्राहिम. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, मुंबईला कळायलाच कित्येक तास गेले. सांगतात की रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. पाण्यात माणसं दिसताच त्यांनी दिवसाची कमाई समुद्रात ओतली आणि होड्यांत माणसं भरली. आपलं जीवनरक्षा पदक सुरू झालं १९६१ साली. रेवसच्या कुणा कोळ्याचं नाव असलेली कड मला आजवर कुठल्याच पेटीत दिसलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. घासलेलं पदक खिशात होतं, का घेतलं होतं ते नीट सांगता येणार नाही. शेजारी मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. काश्याचा खडक कुठला, असं मी एकीला विचारलं. तिनं बोलणं न थांबवता हनुवटीनं दाखवला, आणि लाँच उसळली तशी माझ्या पिशवीवर पाय ठेवून ती घसरू दिली नाही.